विहिरीतील लाव्हा

यवतमाळ जिल्ह्यातील शाळांतून ज्वालामुखीचा धडा शिकविला जातो तेव्हा विद्यार्थ्यांपुढे बहुधा इटलीच्या व्हेसूव्हियसचे किंवा जपानच्या फुजियामाचे चित्र ठेवले जाते, आणि हा सारा प्रकार सातासमुद्रापलीकडचा आहे अशी त्यांची समजूत होते. वस्तुतः या जिल्ह्यातील बहुतेक शाळा ज्या भूमीवर उभ्या आहेत ती लाव्ह्याचीच असून, तिचा उभा छेद पाहावयाचा असेल तर उन्हाळ्यात एखाद्या शिवारात विहिरीचे खोदकाम चालू असेल तेथे जावे.

मी हे काम अनेकदा तासन्‌तास पाहिले आहे. प्रथम काळी माती निघते. तिच्याखाली मुरूम लागतो. तो टिकावाने आणि सब्बलीने सुटतो, घमेल्यांनी भरून यारीने वर ओढला जातो, आणि काम झपाट्याने पुढे जाते. मग एका क्षणी सब्बलीचा नाद बदलतो, आतापर्यंत बोथट येणारा आवाज खणखणीत होतो, आणि खालचा माणूस मान वर करून सांगतो, ‘‘काया गोटा लागला, गुर्जी, आता सुरुंगाबिगर उपाव नाही.’’ या माणसांनी भूशास्त्राचा ग्रंथ उघडलेला नसतो. पण नुसत्या नादावरून खडकाची घनता ओळखण्याचे त्यांचे ज्ञान मला कोणत्याही प्रयोगशाळेइतकेच आदरणीय वाटते.

हा काळा गोटा म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, आणि त्यावर पुन्हा नवा लोट आला. म्हणूनच आपल्याकडे शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी पर्वत आढळत नाही. दोन लोटांमध्ये कधी कधी एवढा काळ लोटला की खालच्या थराची झीज होऊन त्याची माती झाली, आणि वरून आलेल्या तप्त रसाने ती भाजली गेली. कठीण पाषाण संपल्यावर काही विहिरींत गेरूसारखा जो तांबडा पट्टा दिसतो तो हाच. त्याच्याखाली जुन्या लोटाचा माथा लागतो. तो सच्छिद्र असतो, कारण थिजताना त्यातून वायूचे बुडबुडे सुटले. त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे भरली. विहिरीला पाझर फुटतो तो बहुधा अशा सच्छिद्र, झिजलेल्या भागातून किंवा पाषाणाच्या सांध्यांतून, ही गोष्ट शेतकऱ्याच्या मुलाला सांगितली की तो धडा विसरत नाही.

2021 साली झरी जामणी तालुक्यातील शिबला-पार्डी येथे रस्त्याच्या खोदकामात बेसाल्टचे कोनदार स्तंभ उघडे पडले. तळ्याचा गाळ वाळताना जसा तडकतो तसाच लाव्हा निवताना आकसून तडकतो, आणि ते तडे खोलवर गेले म्हणजे असे स्तंभ तयार होतात. सह्याद्रीत दोन किलोमीटरांहून जाड असलेला हा लाव्ह्याचा थर पूर्वेकडे पातळ होत होत वणीच्या बाजूस संपतो. म्हणून तेथे त्याहून कितीतरी जुना चुनखडक आणि कोळसा माणसाच्या हाती लागतो.

हा लाव्हा वाहिला त्या काळी आपली भूमी आज हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे त्या तप्त स्थानावरून सरकत होती, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. रियुनियनचा ज्वालामुखी अजूनही जागृत आहे. भारताचे भूपट्ट आजही दरसाल सुमारे 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते, आणि आशियाशी झालेल्या त्याच्या टकरीतून हिमालय उभा राहिला. या दाबाचा ताण पट्टाच्या अंतर्भागातही साठतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीस जो प्रलय झाला, ज्यात दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली, तो अशाच अंतर्भागातील भूकंप होता. तेथील बहुसंख्य बळी दगडमातीच्या अवजड भिंती अंगावर कोसळून गेले, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असलेच पाहिजे.

विहिरीचे बांधकाम पुरे झाले की हे सर्व थर भिंतीआड जातात. म्हणून गुरुजनांना माझी विनंती आहे की गावात खोदकाम निघाल्याचे कळताच मालकाची परवानगी घ्यावी, सुरुंगाचा दिवस कटाक्षाने टाळावा, मुलांना काठापासून सुरक्षित अंतरावर बसवावे, आणि प्रत्येक थर किती हातांवर लागला हे खोदणाऱ्यांनाच विचारून मुलांच्या वहीत उतरवून घ्यावे.