विश्लेषण : कमी बजेटच्या परदेशवारीत पैसे नेमके कुठे गळतात?

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पुण्यात थायलंड, व्हिएतनाम, दुबईच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. जाहिरातीतला आकडा धरून मध्यमवर्गीय कुटुंबे वर्षभर पैसे बाजूला टाकतात. प्रत्यक्ष खर्च मात्र त्याच्या बराच पुढे जातो. मग काटकसर सुरू होते ती परदेशात पोहोचल्यावर, जेवणात आणि फिरण्यात. खरी गळती बहुतेक वेळा त्याआधीच, व्हिसा, तिकीट, कर आणि चलन यांबाबत घरी बसून घेतलेल्या निर्णयांत झालेली असते.

देश निवडतानाच खर्च कसा ठरतो?

नेपाळ, भूतान, मॉरिशस या देशांत भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा घ्यावा लागत नाही. मलेशियाने ३० दिवसांपर्यंतची व्हिसामाफी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत दिली आहे. पण व्हिसा नाही म्हणजे शुल्क नाही, असे नव्हे. भूतानमध्ये प्रत्येक प्रौढ भारतीयाला दर रात्रीसाठी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. चार प्रौढ आणि पाच रात्री म्हटले, तर २४ हजार रुपये हॉटेलखर्चाआधीच जातात.

व्हिएतनामच्या एकदा प्रवेशाच्या ई-व्हिसाचे सरकारी शुल्क २५ डॉलर आहे. एजंटमार्फत किंवा सरकारी वाटणाऱ्या खासगी संकेतस्थळावर तोच व्हिसा महाग पडतो. थायलंड आणि मलेशियात प्रवेशापूर्वी भरायचे डिजिटल आगमन कार्ड अधिकृत संकेतस्थळावर मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारे पान उघडले, तर ते बंद करावे.

युरोपचे गणित वेगळे आहे. जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो, तर ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. आई-वडील आणि या वयाची दोन मुले यांचे २७० युरो होतात. युरो १०० रुपये धरला तरी २७ हजार रुपये. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क आणि विमा वेगळा. अर्ज फेटाळला गेला तर यातले शुल्क परत मिळत नाही. त्यामुळे परतावा न मिळणारे तिकीट आणि हॉटेल व्हिसा हाती येईपर्यंत घेऊ नये.

लोहगाव की मुंबई?

लोहगावहून थेट परदेशी जाणारी विमाने दुबई, बँकॉकसारख्या मोजक्याच ठिकाणी जातात. इतरत्र जायचे तर मुंबई, दिल्ली किंवा बेंगळूरुमार्गे जावे लागते. मुंबईहून तिकीट स्वस्त दिसते, पण त्यात दोन्ही वेळचे कॅबभाडे, टोल, सामानाचे शुल्क आणि उड्डाण पहाटेचे असल्यास एका रात्रीचा मुक्काम मिळवूनच तुलना करायला हवी. अनेक स्वस्त तिकिटांत फक्त सात किलोची हातबॅग धरलेली असते.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्याने आणखी एक काळजी घ्यावी लागते. एक विमान नवी मुंबईत उतरणारे आणि पुढचे सांताक्रूझहून सुटणारे असेल, तर मधला प्रवास प्रवाशाच्या खर्चाने होतो. दोन टप्प्यांची तिकिटे स्वतंत्र काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी राहत नाही. एकाच तिकिटावरचा प्रवास थोडा महाग असला तरी हा धोका टळतो.

पॅकेज घेतल्यावर टीसीएस किती?

परदेशी सहलीचे पॅकेज विकताना कंपनी पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे स्रोतावरच कर, गोळा करते. आधी हा दर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के होता. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट २ टक्के करण्यात आला. म्हणजे चार लाखांच्या पॅकेजवर ८ हजार रुपये.

हा जादा कर नाही. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. मात्र ज्याच्या पॅनवर तो जमा झाला, त्यालाच तो मिळतो. गृहिणी किंवा निवृत्त पालकांच्या नावाने पैसे भरले आणि उत्पन्न करपात्र नाही म्हणून विवरणपत्रच भरले नाही, तर ही रक्कम सरकारकडेच राहते.

केवळ विमानाचे तिकीट किंवा केवळ हॉटेल स्वतंत्रपणे घेतले तर ते पॅकेज ठरत नाही, असा खुलासा प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२३ मध्ये केला आहे. फॉरेक्स कार्डात भरलेल्या पैशांवर आर्थिक वर्षात प्रतिव्यक्ती १० लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही.

पैसे कसे न्यावेत?

अनेक क्रेडिट कार्डांवर परकी चलनातील खर्चासाठी ३.५ टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन लाखांच्या खर्चावर हे ८,२६० रुपये होतात. हे शुल्क न घेणारी कार्डे उपलब्ध आहेत. निघण्यापूर्वी बँकेची दरसूची पाहावी.

दुसरी गळती कार्डयंत्राच्या पडद्यावर होते. ‘रुपयांत पैसे द्यायचे का?’ असा पर्याय येतो. तो सोयीचा वाटतो, पण त्यात दर दुकानदाराच्या किंवा एटीएमच्या सेवा पुरवठादाराचा असतो आणि तो सहसा महाग पडतो. त्यामुळे नेहमी स्थानिक चलनच निवडावे.

नेपाळ, भूतान, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस येथे काही ठिकाणी यूपीआय चालते. त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सोय आधी सुरू करावी लागते. तरी त्यावरच विसंबून राहू नये. थोडी रोकड हवीच, पण ती शहरातल्या दोन-तीन अधिकृत चलन विक्रेत्यांकडे दर विचारून घ्यावी. विमानतळावरच्या काउंटरवर दर बहुधा चढा असतो.

कुठे पैसे वाचवू नयेत?

पहिली गोष्ट पासपोर्ट. अनेक आशियाई देशांना प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत लागते. ती कमी असल्याचे शेवटच्या आठवड्यात लक्षात आले, तर तत्काळसाठी माणशी दोन हजार रुपये जादा, म्हणजे चौघांचे आठ हजार. सुट्टीची तारीख ठरवण्याआधीच मुदत तपासली, तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नेहमीच्या शुल्कात काम होते.

दुसरी गोष्ट प्रवास विमा. शेंगेनसाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे. जिथे सक्ती नाही, तिथे तो हमखास वगळला जातो. परदेशी रुग्णालयातला एका रात्रीचा मुक्कामही वर्षभर वाचवलेले पैसे संपवू शकतो. पालक सोबत असतील, तर त्यांच्या जुन्या आजारांना संरक्षण आहे का, हे पॉलिसी घेतानाच वाचून घ्यावे.