गल्ल्याची किल्ली दिल्यानंतरचा आठवडा

नोकरदाराला निवृत्तीची तारीख ठरवून दिलेली असते. व्यापाऱ्याच्या घरी असा दिवस उगवतच नाही. बीड, आष्टी, गेवराई किंवा अंबाजोगाईच्या पेठेत पासष्टी ओलांडलेले शेटजी मुलाच्या हाती गल्ल्याची किल्ली देतात. पण सकाळी दहा वाजले की पाय आपोआप दुकानाकडे वळतात. गिऱ्हाईकही ‘मोठे शेटजी कुठे आहेत?’ असे विचारते आणि उधारीची मुदत त्यांच्याकडूनच वाढवून घेते. मुलाने दिलेला शब्द वडिलांच्या नुसत्या मान हलवण्याने फिरतो. चाळिशीतला मुलगा मग दुकानात बसूनही मालक होत नाही.

श्रावकाच्या अकरा प्रतिमांपैकी, दिगंबर परंपरेच्या क्रमानुसार, आठवी आरंभत्याग, नववी परिग्रहत्याग आणि दहावी अनुमतित्याग. घर आणि व्यापार यांविषयीच्या ऐहिक कामांत संमती न देणे, म्हणजे अनुमतित्याग. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. धन सोडून झाल्यावरही सल्ला सोडणे शिल्लक राहते! प्रतिमा धारण करणे सर्वांना साधणार नाही. परंतु दुकानाच्या बाबतीत न विचारता बोलायचे नाही, एवढा नियम कोणत्याही शेटजींना घेता येईल.

मात्र हा नियम घेतल्यावर दिवसाचे आठ-दहा तास मोकळे होतात, आणि ते भरले नाहीत तर तो आठवडाभरही टिकत नाही. बीड जिल्ह्यात वाढलेले शांतिलाल मुथ्था यांनी ऐन एकतिशीत पुण्यातील बांधकाम व्यवसायातून लक्ष काढून 1985 मध्ये भारतीय जैन संघटना स्थापन केली. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर संघटनेने सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. 2013 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढण्याचे काम हाती घेतले. एवढी झेप प्रत्येकाची नसते. सामान्य दांपत्याचा आठवडा कसा असू शकेल, ते पाहावे.

अशा घरात पहाटेचे सामायिक 48 मिनिटांचे, दोघांचे एकाच वेळी. चातुर्मास सोडून उरलेल्या आठ महिन्यांत साधू-साध्वींचा विहार चालू असतो. सोलापूर-धुळे महामार्ग बीडवरून जातो आणि अंधुक उजेडात भरधाव वाहनांच्या कडेने साध्वीजींना चालावे लागते. ज्यांचे गुडघे साथ देतात, त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा चमकणारे जाकीट घालून तीन-चार किलोमीटर सोबत करावी. वैयावृत्य हे आभ्यंतर तपांपैकी एक मानले आहे. रस्त्यावरची ही सोबत त्याचेच आजच्या काळातील रूप आहे.

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे तांडे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असतात. त्यांच्यापैकी पाच-सहा जणांना आठवड्यातून दोन दुपारी वाचन आणि तोंडी हिशेब शिकवायला कोणत्याही संस्थेचा फलक लागत नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून परवानगी घेतली म्हणजे पुरे. तोंडी हिशेबात तर आपल्या शेटजींचा हात कोण धरणार? त्याच मुलांच्या आजीचे ‘श्रावणबाळ’ योजनेचे अनुदान हयातीच्या दाखल्याअभावी अडकलेले असते. अर्ज भरून तिच्याबरोबर तहसील कार्यालयात जाणे, हे एका सकाळचे काम.

पण हे झाले शेटजींचे. बाईजींचे काय? त्यांनी कोणाला कोणती किल्ली द्यायची? सूर्यास्ताआधीचे जेवण, अष्टमी-चतुर्दशीची हिरव्या भाजीविना करायची भाजी, लेकीची बाळंतपणे, पापड-वड्या. त्यांचा आरंभ पंचेचाळीस वर्षे अखंड चालू आहे. निवृत्त झालेले शेटजी घरी बसून चार वेळा चहा मागू लागले, तर बाईजींचे काम उलट वाढते. दांपत्याची निवृत्ती म्हणायची असेल, तर स्वयंपाकघराची सूत्रेही रीतसर सूनबाईंकडे जावीत आणि तिथेही अनुमतित्यागाचा नियम लागू व्हावा. मग पाठशाळेतील मुलांना शिकवणे, जुनी स्तवने आणि ढाळी वहीत उतरवणे, तरुणपणी राहून गेलेली पेटी शिकणे, यांना सवड मिळते.

याला पैशाची बाजूही आहे. व्यापाऱ्याला निवृत्तिवेतन नसते आणि भांडवल दुकानात गुंतलेले असते. महिन्याच्या खर्चासाठी मुलापुढे हात पसरावा लागला की सल्ला देण्याचा मोहही परत येतो. म्हणून किल्ली देण्यापूर्वीच काही रक्कम वेगळी काढावी. टपाल कार्यालयातील किंवा बँकेतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीस 30 लाखांपर्यंत ठेव ठेवता येते, मुदत पाच वर्षांची असते आणि व्याज दर तिमाहीस मिळते. पती-पत्नी दोघेही पात्र असतील तर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडता येते. बाईजींचे खाते त्यांच्याच नावे, त्यांच्याच सहीने चालावे आणि पासबुक त्यांच्याच कपाटात असावे. कित्येक घरांत पतीच्या पश्चात पत्नीला पहिली सही करताना हात कापतो. ती सवय आधीच झालेली बरी.

रविवारी दुकान बंद असेल तर संध्याकाळचे जेवण मुलाने आणि सूनबाईंनी करावे. त्या दिवशी भाजीत मीठ कमी पडले, तरी बाईजींनी पाटावरून उठू नये आणि शेटजींनी त्यांच्याकडे पाहू नये.