घशातील पहारा

निरोगी माणसाच्या घशात एक पहारा अहोरात्र जागा असतो. चुकीच्या वाटेने काही उतरू लागले की ठसका लागतो. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते, आणि प्राण राखणारी हीच नळी तो पहारा उठवते. नळीभोवतीचा फुगा वाट अडवतो खरा, पण पुरती नव्हे. त्याच्यावर साचलेली जंतुमय लाळ आणि जठरातून वर आलेला रस थेंबाथेंबाने फुप्फुसात झिरपतो, व न्यूमोनिया जडतो.

यावरील एक उपाय विसर पडावा इतका साधा आहे. बार्सिलोना येथील ८६ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सपाट निजवलेल्यांपैकी शेकडा ३४ जणांत न्यूमोनियाची लक्षणे दिसली. ज्यांची खाट उशाकडून ४५ अंश उचललेली होती, त्यांच्यात शेकडा ८. खाट उचलण्यास खर्च तो कसला? मात्र कूस बदलताना ती खाली येते आणि तशीच राहते. येथे परिचारिकेची नजर औषधाइतकीच मोलाची ठरते. शिवाय दातांची स्वच्छता राखतात. आणि रोज गुंगीचे औषध थांबवून, रुग्ण आपला आपण श्वास घेऊ शकतो का, हे पाहतात. घेऊ शकला, तर नळीच काढता येते.