बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत : वराळे आणि मावळची पायवाट

मावळ तालुक्यातील वराळे हे गाव तळेगाव दाभाडेला लागून, इंद्रायणीच्या काठी वसलेले असून, पुणे-लोणावळा लोहमार्गावरील तळेगाव स्थानक जवळ असल्यामुळे आणि चाकणकडे जाणारा रस्ताही हाताशी असल्यामुळे, गेल्या काही दशकांत महाविद्यालये, वसतिगृहे व नव्या इमारती यांनी त्याचा चेहरामोहरा पार बदलून टाकला आहे. पर्यटकांच्या तोंडी हे नाव सहसा येत नाही. मावळ म्हटले की लोणावळ्याची चिक्की, भुशी धरणाच्या पायऱ्या आणि पावसाळी रविवारची वाहनांची रांग एवढेच डोळ्यांसमोर उभे राहते. वास्तविक मावळातील लेणी, किल्ले आणि देवस्थाने ही सुटी सुटी स्थळे नाहीत. कोकणातील बंदरांतून बोरघाट चढून देशावर येणाऱ्या एका जुन्या व्यापारी वाटेने त्यांना जन्म दिला आणि त्या वाटेच्या मावळातील टप्प्याच्या पूर्व टोकाशी वराळ्याचा परिसर येतो. म्हणून जो येथून आरंभ करून पश्चिमेकडे सरकत जाईल, त्याला मावळ अधिक नीट उमगते.

आरंभ नदीपासूनच करावा. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी लोणावळा, कामशेत, तळेगाव असा प्रवास करीत देहू-आळंदीकडे जाते. शेलारवाडी-इंदुरीजवळ कुंडमळा येथे तिचे पात्र उघड्या काळ्या कातळावरून वाहते आणि तेथे रांजणखळग्यांची रांग पाहावयास मिळते. रांजणखळगा म्हणजे प्रवाहाच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे शतकानुशतके गरगरत राहिल्याने खडकात कोरला गेलेला गोल, खोल खड्डा. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजूनही पडलेले दिसतात, म्हणजे कोरणारे हत्यार आणि कोरलेले काम ही दोन्ही एकाच ठिकाणी पाहता येतात. पावसाळ्यात मात्र हीच जागा जिवावर बेतते. १५ जून २०२५ रोजी येथील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चौघांचा मृत्यू झाला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी, ३० जून २०२४ रोजी, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले होते. घाटमाथ्यावर कोसळलेल्या पावसाचे पाणी, खाली आभाळ मोकळे असतानाही, अचानक लोंढ्याने येते. ही गोष्ट स्थानिक शेतकऱ्याला ठाऊक असते, शहरातून आलेल्याला नसते. कुंडमळा पाहावा तो फाल्गुन-चैत्रात.

वराळ्याच्या आसपासचे डोंगर उंचीने बेताचे, पण स्मृतींनी भारलेले आहेत. भंडारा डोंगर, भामचंद्र आणि घोरावडेश्वर या तिन्ही डोंगरांवर तुकोबांनी एकांतात चिंतन केले, अशी वारकरी परंपरा सांगते, आणि तिन्ही ठिकाणी मुळात कातळात कोरलेल्या गुहा आहेत. घोरावडेश्वराची लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली, पुढे तेथे शिवलिंगाची स्थापना झाली आणि आज महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. जवळच्या नाणोलीच्या डोंगरात फिरंगाई देवीचे स्थानही कातळाच्या आश्रयानेच आहे. एका धर्माने सोडलेली जागा दुसऱ्याने मोडून न टाकता वापरात ठेवली, हे मावळात पदोपदी दिसते.

इंदुरीची गढी आणि तळेगाव ही दाभाडे घराण्याची ठिकाणे होत. शाहू महाराजांनी १७१७ मध्ये ज्यांना सेनापतिपद दिले, त्या खंडेराव दाभाड्यांची समाधी तळेगावात बनेश्वराच्या परिसरात आहे. याच गावात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पैसा फंडाचा, म्हणजे लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीचा, काच कारखाना सुरू झाला, आणि महाराष्ट्राला किल्ल्यांचे वेड लावणारे लेखक गोपाळ नीलकंठ दांडेकर हेही येथेच राहत होते. लोकलने पुढचेच स्थानक वडगावचे. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून बोरघाट चढून पुण्यावर चाल करणाऱ्या इंग्रज फौजेला महादजी शिंदे आदी मराठा सरदारांनी येथे शरण येऊन तह करण्यास भाग पाडले. कार्ल्याजवळ पडलेला त्या फौजेतील कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांच्या तोंडी इष्टुर फाकडा झाला. शत्रूच्याही शौर्याला दाद देणारे हे नाव आजही वडगावात ऐकू येते.

कामशेत ओलांडून मळवलीला उतरले की जुन्या वाटेचा खरा वैभवकाळ सामोरा येतो. उत्तरेला कार्ले, दक्षिणेला भाजे आणि पवन मावळाच्या बाजूला बेडसे. भाज्याचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानतात. त्याचे खांब सरळ उभे नाहीत, ते आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा दाब पेलण्यासाठी खांब असे कलते ठेवावे लागत. अखंड कातळात त्याची काहीही गरज नव्हती, पण कोरणाऱ्यांच्या हाताला सुतारकामाचीच सवय होती, आणि म्हणून त्यांनी दगडातही लाकूडच घडविले. दर्शनी भाग तर खरोखरच लाकडाचा होता; तो नाहीसा झाला, परंतु वासे अडकविण्यासाठी कातळात पाडलेली भोके बोटाने चाचपता येतात. भारतीय वास्तुकला लाकडाकडून दगडाकडे कशी वळली, हे ग्रंथ वाचून जितके कळत नाही तितके या खांबांपाशी पाच मिनिटे उभे राहिल्याने कळते.

कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे असून त्याची लांबी सुमारे ३८ मीटर आहे. छताखालच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरील लाकडी छत्र ही सुमारे दोन हजार वर्षे टिकून राहिली आहेत. अधिक बोलके आहेत ते खांबांवरचे ब्राह्मी लेख. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, हे शैलगृह पूर्ण केल्याचे एक लेख सांगतो. काही खांब धेनुकाकट नावाच्या गावातील यवनांनी, म्हणजे ग्रीक मूळच्या लोकांनी, दिले, आणि एका दात्याचे गाव सोपारा, म्हणजे आजच्या वसई-विरारजवळचे नालासोपारा, हे होते. समुद्रावरच्या व्यापारात मिळालेला पैसा डोंगर चढून येथे आला आणि दगडात स्थिरावला. आज याच लेण्याच्या दारात एकवीरा आईचे देऊळ असून, चैत्राच्या यात्रेला कोळी आणि आगरी समाजाच्या पालख्या मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरून येतात. म्हणजे समुद्राचे आणि या डोंगराचे नाते दोन हजार वर्षांनंतरही तुटलेले नाही.

असेच नाते स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर वेगळ्या रीतीने दिसते. तेथील बोहुसलेन प्रांतात टानुम या गावाच्या परिसरात कांस्ययुगातील लोकांनी ग्रॅनाइटच्या गुळगुळीत खडकांवर नौकांची असंख्य चित्रे कोरली. १९९४ पासून ती जागतिक वारसा आहेत. चित्रे कोरली गेली तेव्हा समुद्र बराच जवळ होता, परंतु हिमयुगातील बर्फाचा भार उतरल्यापासून तेथील जमीन हळूहळू वर येत राहिल्यामुळे किनारा मागे सरला आणि नौका शेतांमध्ये राहिल्या. अशा शेतारानांतून पायी फिरण्यासाठी त्या देशात ‘आलेमान्सरेटेन’ नावाचा एक हक्क आहे आणि त्याचा उल्लेख राज्यघटनेतही केलेला आहे. जमीन कोणाचीही असो, घराच्या आवारापासून दूर राहून आणि उभ्या पिकाला न तुडवता, कोणीही रानातून चालावे, रानमेवा वेचावा, एखादी रात्र तंबू ठोकावा. अट एवढीच, की कोणाला त्रास देऊ नये आणि काही नासवू नये.

मावळात फिरताना या हक्काची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण येथील उत्तम वाटा पायवाटाच आहेत. भाज्यावरून गायमुख खिंडीत जावे, तेथून एकीकडे लोहगड आणि दुसरीकडे विसापूर. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी लोहगड हा एक. त्याच्या दरवाजांची वळणदार साखळी आणि डोंगराच्या सोंडेवर बांधून काढलेला विंचूकाटा पाहिल्यावर, घाटावर नजर ठेवणे हेच या गडाचे काम होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. पलीकडे पवना जलाशय, तिकोना आणि तुंग. हिवाळ्यात कामशेतच्या टेकड्यांवर, वारा अनुकूल असेल तेव्हा, पॅराग्लायडिंग, म्हणजे कापडी पंखाच्या आधाराने हवेत तरंगण्याचा खेळ, चालतो. घाटाच्या कडेला राजमाची असून तिच्या पायथ्याच्या उधेवाडीत घरोघरी जेवणाची सोय होते. तेथील पिठलं-भाकरी आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला सुवासिक इंद्रायणी तांदूळ, यांवर पैसा खर्च झाला तर तो गावातच राहतो.

परंतु वाटा आकसत चालल्या आहेत. डोंगरउतारांवर प्लॉट पडतात, तारेची कुंपणे उभी राहतात, आणि ज्या वाटेने गुरे व गुराखी जात होते तेथे फाटक लागते. दुसरीकडे, आषाढात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असताना खाचरांच्या नुकत्याच बांधलेल्या बांधांवरून पर्यटकांचे थवे नाचत गेले की बांध फुटतात आणि शेतकऱ्याची दोन दिवसांची मेहनत पाण्यात जाते. त्याने वाट अडविली तर त्याला दोष देता येत नाही. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे, आणि जुन्या गावनकाशांवर पाणंद व पायवाटा दाखविलेल्या असतात. मात्र ही तरतूद शेतकऱ्यासाठी आहे, पायी फिरणाऱ्यासाठी नाही. मावळातील ग्रामपंचायतींनी आपापल्या नकाशांवरील वाटा शोधून त्यांवर दगडी खुणा कराव्यात, आवणीच्या महिन्यांत कोणत्या वाटा बंद राहतील ते ठरवावे, आणि तळेगाव स्थानकापासून घोरावडेश्वर, बेडसे, लोहगड, भाजे, कार्ले अशी सलग पायवाट कागदावर व जमिनीवर आणावी. वाट सरकारी नोंदीत आली, की तिच्यावर भिंत घालणे अवघड होते.