शुक्रवारी येत होतं, सोमवारी कुठे गेलं?

मागच्या भागानंतर मिशन शाळांमधल्या बऱ्याच शिक्षकांनी एकच गोष्ट विचारली. मेंदूविज्ञान ऐकायला छान आहे, पण उद्या पहिल्या तासाला आम्ही वेगळं काय करायचं? आज तेवढंच बोलू.

एका मिशन शाळेत मी प्रशिक्षणासाठी गेले होते. शुक्रवारी सहावीच्या वर्गात तेविसावं स्तोत्र चालू होतं. मुलांनी सगळ्यांनी मिळून मोठ्याने आठ-दहा वेळा वाचलं आणि शेवटी पुस्तक मिटून धडाधड म्हणून दाखवलं. बाई खूश. सोमवारी त्यांनी एका मुलीला उभं केलं आणि ती दुसऱ्याच वचनाला अडकली. "शुक्रवारी येत होतं ना? घरी पुस्तक उघडलंच नसशील!" तास संपेपर्यंत ती उभी राहिली. नंतर मी तिची वही बघितली. सगळं स्तोत्र दोनदा स्वच्छ अक्षरात उतरवून काढलेलं होतं. पोरीने मेहनत केली होती. तिची पद्धत चुकली होती, आणि ती पद्धत तिला आपणच शिकवली होती.

रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा वाचायला दिला. मग काहींना तोच उतारा पुन्हा वाचायला सांगितला, तर काहींना न बघता आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात ४२ टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के.

आता शुक्रवारचा वर्ग आठवा. बाईंनी पाच मिनिटांनंतरची परीक्षा घेतली होती!

असं का होतं? पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटायला लागतो, आणि ही ओळख म्हणजेच आपल्याला येतंय असा समज होतो. पण ओळखणं वेगळं आणि समोर काही नसताना आठवणं वेगळं. गल्लीतल्या माणसाला आपण बघताक्षणी ओळखतो, नाव मात्र ओठावर येत नाही, तसंच. पुस्तक मिटून आठवण्याची धडपड केली की ती आठवण पुढच्या वेळी सापडणं सोपं होतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. हे कळलं ते वर्गात बसवून, कागद-पेन्सिल देऊन. मेंदूचे फोटो काढून नव्हे. जॉन ब्रूअर यांनी १९९७ मध्येच बजावलं होतं की मेंदूतल्या पेशींपासून थेट वर्गापर्यंत उडी मारू नका. म्हणून 'उजवा मेंदू जागा करा' किंवा 'बघून शिकणारी मुलं वेगळी, ऐकून शिकणारी वेगळी' असं सांगत कोणी कार्यक्रम विकायला आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या. त्या दुसऱ्या कल्पनेला पुरेसा आधार नाही, असं २००८ च्या आढाव्यात स्पष्ट झालं आहे. शिवाय सगळी मुलं देवाच्या प्रतिरूपाची, असं मानणाऱ्या शाळेने मुलांच्या कपाळावर असले शिक्के का मारावेत?

खरं तर हे ख्रिस्ती शाळांच्या घरचंच आहे. ल्यूथरचं १५२९ चं छोटं धर्मप्रश्नोत्तर घ्या. आधी प्रश्न, मग उत्तर. मुलाने नुसतं ऐकायचं नाही, सांगायचं. आपण प्रश्न ठेवले, पण ते फक्त परीक्षेत आणि मार्कांसाठी. तिथे भीती आली. एका वेळी मनात चार-पाचच गोष्टी धरता येतात, आणि 'चुकले तर?' हा विचार त्यातली जागा खातो. ती मुलगी उभी असताना तिचं अर्धं डोकं स्तोत्रात नव्हतंच.

तर उद्या एवढं करा. तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तकं बंद. गेल्या आठवड्यातलं जे आठवतं ते कोऱ्या कागदावर लिहायचं, वचन असो की प्रकाशसंश्लेषण. मार्क नाहीत, कागद गोळा करायचे नाहीत. मग पुस्तक उघडून प्रत्येकाने आपलं आपण दुरुस्त करायचं. ही दुरुस्ती गाळू नका, नाहीतर चूकच पक्की होईल. तेच तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. आणि नुसती ओळ नको, अर्थही स्वतःच्या शब्दांत. नाहीतर पोपटपंची होते, पूर्वीच्या प्रश्नोत्तरांतही व्हायचीच.

त्याच प्रशिक्षणात एका सिस्टरांनी विचारलं, "सगळं मेंदूच करतो म्हटलं तर आत्म्याचं काय?" मी म्हटलं, "सिस्टर, आठवण कशी टिकते एवढंच हे शास्त्र सांगतं. ते मूल कोण आहे, हे त्याला विचारू नका." त्या हसल्या, पण पटलं की नाही ते माहीत नाही.

सहावीच्या बाईंचा दोन आठवड्यांनी फोन आला. "मॅडम, अर्ध्या मुलांचे कागद कोरेच असतात हो." मी विचारलं, "आणि ती मुलगी?" "तिने चार ओळी लिहिल्या. तिसरी चुकली होती, तिनेच खोडून नीट केली."

कोऱ्या कागदांचं काय करायचं, ते पुढच्या भागात.