पीएच.डी.आधीची शाळा

देऊळगाव राजाहून जालना हाकेच्या अंतरावर, पण तालुक्यातल्या महाविद्यालयांचं विद्यापीठ अमरावतीचं. अर्थशास्त्रात एम.ए. करून पीएच.डी.ला नाव घातलं की घरच्यांना वाटतं, आता फक्त प्रबंध लिहायचा. तसं नसतं. आधी पुन्हा वर्गात बसायचं, परीक्षा द्यायची. यालाच कोर्सवर्क म्हणतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार ते किमान 12 क्रेडिटचं हवं. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता हे विषय टळत नाहीत. किमान 55 टक्के मिळाल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही.

हे कशाला? इथलंच उदाहरण घ्या. या भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. समजा, शेडनेटवाल्या आणि बिगर-शेडनेटवाल्या शेतकऱ्यांचं उत्पन्न विचारलं. पहिल्यांचं जास्त निघालं. लगेच ‘शेडनेटमुळे उत्पन्न वाढलं’ असं लिहून मोकळं होता येईल का? शेडनेट मुळात उभारतो कोण? ज्याच्या विहिरीला पाणी, ज्याला बँक दारात उभं करते, तोच ना! मग उत्पन्न जाळीचं की पाण्याचं? हा गुंता सोडवायचं शास्त्र म्हणजे अर्थमिती. एम.ए.ला बरेच जण ती पाठ करून पार पडतात, असं माझं मत.

नीतिमत्तेच्या तासाला वाङ्मयचौर्य आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं यांचा समाचार घेतला जातो. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्यालाही कोर्सवर्क चुकत नाही. रजेचं गणित मात्र त्याचं त्यानं बघायचं.