डोंगराच्या फटीत साठवलेला हिवाळा

बर्फाची गुहा म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अमरनाथ येतो. छतातून थेंब थेंब पाणी ठिबकते, ते गोठत जाते आणि त्याचे लिंग तयार होते. ही गुहा बारा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे, तेव्हा तेथे बर्फ असण्याचे आपणांस फारसे नवल वाटत नाही. पण एखादा डोंगर जेमतेम सव्वादोन हजार फूट, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या साधारण निम्म्या उंचीचा आहे. त्याच्या माथ्यावर हिमनदी नाही, कायमचा बर्फ नाही, जुलैत वर चढणारा माणूस घामाघूम होतो. आणि तरीही त्याच्या पोटातल्या फटींत उन्हाळा लागल्यावरही बर्फ टिकून असतो! हे कसं काय?

असा डोंगर अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात आहे. न्यूयॉर्क शहरापासून शंभर मैलांच्या आत शावनगंक नावाची डोंगररांग लागते. तिच्यावरील सॅम्स पॉइंट हा भाग आज मिनेवास्का या राज्य-अभयारण्यात मोडतो. एलेनव्हिल गावाच्या डोक्यावरच्या येथील फटींना आणि हिमगुहांना १९६७ साली राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्कमध्ये मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलांकडे चार महिने राहायला गेलेल्या आईवडिलांनाही, गुडघे धड असतील तर, जाऊन-येऊन सुमारे चार मैलांची ही वाट झेपण्यासारखी आहे.

वाट सुरुवातीला रुंद व सोपी आहे. दोन्ही बाजूंना पिच पाइन जातीची झाडे दिसतात. पण ती इतकी ठेंगणी, की माणूस त्यांच्या शेंड्यांवरून पलीकडे पाहू शकतो. खडकावर मातीचा थर पातळ, वारा सोसाट्याचा आणि मधूनमधून वणवा, या तिन्हींनी ही झाडे खुजी राहिली आहेत. वणवा त्यांचा शत्रूच आहे असे मात्र समजू नये. जळलेल्या बुंध्यातून पिच पाइन पुन्हा फुटतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये येथे सुमारे दोन हजार एकर रान जळाले. पण काळ्या बुंध्यांतून हिरवे कोंब पुढे आलेच.

पुढे वाट खाली उतरते आणि दोन्ही अंगांना पांढरट खडकाच्या भिंती उभ्या राहतात. ज्यांनी भंडारदऱ्याजवळची सांधण दरी पाहिली आहे, त्यांना या चिंचोळ्या वाटेची कल्पना लगेच येईल. फरक दगडाचा. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या काळ्या खडकाचा, तर हा गारगोटीचे गोटे आणि वाळू घट्ट सांधून झालेला, चाळीस कोटी वर्षांहून जुना. त्याच्या खाली मऊ शेलचा थर आहे. वरचा कठीण खडक तडकला, त्याचे प्रचंड ठोकळे खालच्या मऊ थरावरून किंचित सरकले आणि मध्ये खोल फटी उघडल्या. कोठे वरून शिळा पडून फट झाकली गेली, की झाली गुहा. लाकडी शिड्या व फळ्या यांवरून आत उतरले, की दहा पावलांत हवा बदलते आणि अंगावर शहारा येतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थंड हवा उष्ण हवेपेक्षा जड असते. आपल्याकडे पौषातल्या रात्री गावापेक्षा ओढ्याकाठी थंडी अधिक वाजते, त्याचे कारण हेच. थंड हवा पाण्यासारखी सखल जागी जाऊन साठते. शावनगंकच्या फटींतही तेच घडते. हिवाळाभर बर्फाळ हवा आत उतरते आणि तेथील उबदार हवेला वर ढकलून देते. भिंती गारठतात, वरून हिमही आत पडते. उन्हाळ्यात बाहेरची हवा तापते, पण तापलेली हवा हलकी असल्यामुळे ती खाली उतरत नाही. आत थंडी आहे, ती तेथेच कोंडलेली राहते. सूर्यकिरण तळापर्यंत पोचत नाहीत आणि दगडातून उष्णता फार सावकाश झिरपते. हिवाळ्यात उघडे आणि उन्हाळ्यात आपोआप बंद होणारे असे हे दार आहे.

यातली एक मौज सांगायला हवी. नवा बर्फ पुष्कळदा ऐन हिवाळ्यात नव्हे, तर वसंताच्या तोंडाशी धरतो. बाहेर हिम वितळू लागते, ते पाणी फटीत ठिबकते आणि गारठलेल्या दगडाला लागून गोठते. तो बर्फ लवकर संपत नाही, कारण एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते!

या थंडीच्या आश्रयाने फटींच्या तोंडाशी ब्लॅक स्प्रूससारखी थेट उत्तरेकडच्या प्रदेशातली झाडे व शेवाळी तग धरून आहेत. पण हा सारा व्यवहार जमाखर्चाचा आहे. या भागाचे वार्षिक सरासरी तपमान गोठणबिंदूच्या बरेच वर आहे. म्हणजे हा बर्फ डोंगराच्या मालकीचा नव्हे. दर हिवाळ्याने भरलेल्या ठेवीवर तो जगतो. हिवाळा आखूड व सौम्य झाला, की ठेव घटते. उन्हाळा लांबला, की खर्च वाढतो. आणि आपणही त्या खर्चात भर घालतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून ताशी सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. ती सगळीच्या सगळी बर्फाला मिळाली, तर तासाभरात एक किलो बर्फ वितळेल. प्रत्यक्षात सगळी मिळत नाही हे खरे. पण अरुंद गुहेत गर्दी करून तासन्तास का थांबू नये, हे यावरून समजावे.

येथे एक इशारा देणे जरूर आहे, कारण एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी चालतात. शावनगंकची गुहा दगडाची आहे आणि बर्फ तिच्या आत आहे. वॉशिंग्टन राज्यातील बिग फोर पर्वताच्या पायथ्याच्या गुहा मात्र बर्फाच्याच आहेत. हिमकडे कोसळून साचलेल्या ढिगाखालून पाणी आणि उबदार हवा वाट काढते, तेव्हा त्या पोखरल्या जातात. त्यांचे छत रोज पातळ होत असते. २०१० साली तेथे बर्फ कोसळून अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. २०१५ च्या जुलैमध्ये पुन्हा छत कोसळून जीवितहानी झाली. अशा गुहा दुरूनच पाहाव्यात. आपल्या गोमुखाशी, जेथे गंगोत्री हिमनदीच्या मुखातून भागीरथी बाहेर पडते, तेथेही हाच नियम लागू आहे. तेथे बर्फाचे कडे केव्हा तुटतील याचा नेम नसतो. त्यांच्या जवळ जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह आवरलाच पाहिजे.

दगडी गुहेत भीती वेगळी, ती घसरण्याची. तळव्याला पकड असलेले बूट, एक विजेरी आणि उन्हाळा असला तरी एक लोकरी बंडी जवळ ठेवावी. हिवाळ्यात ही वाट बंद ठेवतात, आणि वसंतातही शिड्यांवर बर्फ असू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि बंदची पाटी दिसली, तर निमूटपणे मागे फिरावे.

आत गेल्यावर बर्फाचा तुकडा तोडू नये, शेवाळावर पाय देऊ नये. काही मिनिटे उभे राहावे, गेल्या हिवाळ्याची हवा अंगावर घ्यावी, आणि मागून येणाऱ्यांना जागा करून देऊन बाहेर पडावे.